घरचा कॉम्प्युटर हळू चालतोय? आधी टास्क मॅनेजर उघडा

कॉम्प्युटर रेंगाळायला लागला की घरात दोनच निदानं होतात. एक तर "व्हायरस आलाय", नाहीतर "जुना झाला, आता नवा घेऊ." दोन्ही निदानं न बघताच केलेली असतात आणि दोन्हींत पैसे जातात. खरं तर नेमकं कुठे अडतंय हे विंडोज स्वतःच दाखवतं. ते बघायला ना कोर्स करावा लागतो, ना काही विकत घ्यावं लागतं. म्हणून माझा आग्रह एवढाच, की काहीही पुसण्याआधी, टाकण्याआधी किंवा दुकानात नेण्याआधी दहा मिनिटं बसून बघायचं.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. पहिल्याच पानावर वर चार-पाच टक्केवाऱ्या दिसतात: सीपीयू (म्हणजे प्रोसेसर, कॉम्प्युटरचा मेंदू), मेमरी, डिस्क, नेटवर्क. कॉम्प्युटर अडकलेला असताना यांतला कोणता आकडा शंभराला टेकतोय ते बघा. त्या रकान्याच्या नावावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्राम सगळ्यात वर येतो. निम्मं निदान इथेच होतं.

सीपीयू सतत चढलेला असेल आणि वर "अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल" किंवा "विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर" अशी नावं असतील, तर घाबरू नका. पहिलं म्हणजे अँटीव्हायरसची तपासणी, दुसरं म्हणजे अपडेट. आठवड्यातून एकदाच अर्धा तास उघडल्या जाणाऱ्या कॉम्प्युटरवर हे हमखास दिसतं, कारण आठ दिवसांचं तुंबलेलं काम त्याला त्या अर्ध्या तासात उरकायचं असतं. चार्जर लावून तासभर तसाच चालू ठेवा. काम संपलं की तो आपोआप शांत होतो.

याच खिडकीत "परफॉर्मन्स" या भागात जाऊन सीपीयूवर क्लिक करा आणि खाली "अप टाइम" बघा. रोज रात्री शट डाऊन करणाऱ्या माणसालाही इथे पंधरा-वीस दिवस दिसू शकतात. कारण विंडोज ८ पासून "फास्ट स्टार्टअप" नावाची सोय आली. शट डाऊन केल्यावर तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आहे त्या अवस्थेत डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. त्यामुळे चालू होणं भरभर होतं, पण अडकलेला एखादा ड्रायव्हर (प्रिंटर, वायफाय असे भाग चालवणारा छोटा प्रोग्राम) तसाच अडकलेला राहतो. "रीस्टार्ट" मात्र खरोखर सगळं नव्याने सुरू करतं. प्रिंटर ऐकत नाही, वायफाय सापडत नाही, आवाज येत नाही अशा वेळी शट डाऊन करून उपयोग नसतो, रीस्टार्ट करावं लागतं. आठवड्यातून एकदा ते केलं तरी किरकोळ कुरबुरी थांबतात.

चालू झाल्यावर पहिली पाच मिनिटं मशीन हलतच नसेल, तर टास्क मॅनेजरमधलंच "स्टार्टअप अ‍ॅप्स" हे पान उघडा. चॅटची अ‍ॅप्स, गेमचे लाँचर, प्रिंटर कंपनीचा मदतनीस, कधीकाळी एकदा वापरलेलं मीटिंगचं सॉफ्टवेअर असे सगळे तिथे रांगेत बसलेले दिसतील. प्रत्येकासमोर "हाय", "मीडियम", "लो" असा भार लिहिलेला असतो. नको त्यावर उजवं क्लिक करून "डिसेबल" करा. त्याने प्रोग्राम काढला जात नाही, फक्त न बोलावता येणं थांबतं. सुरक्षेचं चिन्ह, आवाजाचा आणि टचपॅडचा ड्रायव्हर तेवढे सोडा.

मेमरी ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असेल तर रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती जागा, अपुरी पडतेय. रॅम भरली की विंडोज त्यातला काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी हळू असल्यामुळे टॅब बदलताना मशीन थबकतं. ४ जीबी रॅमवर आजचं ब्राउझर आणि एखादी व्हिडिओ मीटिंग एकत्र चालवणं ओढाताणीचंच. "परफॉर्मन्स"मध्ये मेमरीवर क्लिक केलं तर "स्लॉट्स यूज्ड" अशी ओळ दिसते. तिथे "दोनपैकी एक" असं असेल तर एक खाच रिकामी आहे, म्हणजे रॅम वाढवता येईल. दुकानात जाण्याआधी हे ठाऊक असलं की बोलणं वेगळ्या पातळीवर होतं. तोवर न वापरलेल्या टॅबना झोपवणाऱ्या सोयी, क्रोममध्ये "मेमरी सेव्हर" आणि एजमध्ये "स्लीपिंग टॅब्ज", चालू करून ठेवा.

आता डिस्क. भारतातल्या घरोघरच्या जुन्या लॅपटॉपची खरी दुखणी इथे आहेत, म्हणून जरा थांबून बघू.

डिस्क शंभर टक्के, बाकी सगळे आकडे कमी, माउसचा बाण फिरतोय पण काहीच उघडत नाही, असं दिसलं तर "परफॉर्मन्स"मध्ये डिस्कच्या नावाखाली "एचडीडी" लिहिलंय की "एसएसडी" ते बघा. एचडीडी म्हणजे जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क. तिच्यात ग्रामोफोनसारखी तबकडी फिरते आणि एक बारीकशी भुजा हव्या त्या जागेवर जाऊन वाचते. लॅपटॉपमधली तबकडी सहसा मिनिटाला ५४०० फेरे घेते. भुजा सरकवायला आणि तबकडी फिरून नेमकी जागा खाली यायला लागणारा वेळ धरला, तर अशी डिस्क सेकंदाला शंभरच्या आतच वेगवेगळ्या जागा वाचू शकते. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली मागतं. एसएसडीत फिरणारं काही नसतंच, ती सेकंदाला हजारो जागा सहज वाचते. म्हणून सात-आठ वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क काढून तिथे अडीच इंची साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीत बसणारी) एसएसडी बसवली, की तीन-चार मिनिटं चालू व्हायला घेणारं मशीन अर्ध्या मिनिटाच्या आसपास येऊ शकतं. घरच्या कॉम्प्युटरवर एकच खर्च करायचा असेल तर मी हाच सांगेन. बाकीचे सगळे उपाय मिळून एवढा फरक पाडत नाहीत. जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवायला "रेस्क्यूझिला" हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. पेनड्राइव्हवरून चालतं, एक पैसा लागत नाही.

डिस्क हळू आहे की आजारी आहे हेही कळायला हवं. त्यासाठी "क्रिस्टलडिस्कइन्फो" हा छोटासा जपानी प्रोग्राम आहे, फुकट. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद आतल्या आत ठेवत असते, हा प्रोग्राम ती नोंद वाचून दाखवतो. वर निळ्या चौकोनात "गुड" असेल तर ठीक. पिवळं "कॉशन" दिसलं तर खालच्या यादीत "रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स" आणि "करंट पेंडिंग सेक्टर" या दोन ओळी शोधा. पहिली सांगते, किती जागा खराब झाल्यामुळे डिस्कने त्या सोडून राखीव जागा वापरायला घेतल्या. दुसरी सांगते, किती जागा तिला आत्ता वाचताच येत नाहीत. हे आकडे दर आठवड्याला वाढत असतील तर दुरुस्तीचा विचार सोडा आणि त्याच दिवशी फोटो, कागदपत्रं दुसरीकडे हलवा. हार्ड डिस्कमधून खटखट आवाज येत असेल तर प्रोग्राम चालवत बसण्यातही वेळ घालवू नका.

एसएसडी असेल तर जुन्या सवयीने डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र मांडणं) करायचं नाही. तुकडे जोडून ठेवण्याचा फायदा भुजा सरकवणाऱ्या डिस्कला होतो, एसएसडीला त्याची गरज नसते. एसएसडीला लागणारी देखभाल विंडोज ठरलेल्या वेळी आपणहून करतं.

जे करून काहीच होत नाही

डेस्कटॉपवर उजवं क्लिक करून पाच-सहा वेळा रीफ्रेश मारायची सवय आपल्याकडे इतकी खोल आहे, की कॉम्प्युटर क्लासमध्ये तीच पहिली शिकवण असावी असं वाटतं. त्याने डेस्कटॉपवरची चिन्हं पुन्हा रंगवली जातात, बस. रॅम मोकळी होत नाही, वेग वाढत नाही. "रन" या आज्ञा लिहायच्या चौकटीत "ट्री" टाइप केलं की काळ्या खिडकीत भराभर ओळी पळतात आणि काहीतरी साफ होतंय असा भास होतो. ती आज्ञा फक्त फोल्डरची यादी छापते. "प्रीफेच" फोल्डर रिकामं करण्याचा सल्ला तर उलटा पडतो. कोणत्या प्रोग्रामला सुरुवातीला काय लागतं याच्या नोंदी विंडोज तिथे ठेवतं, जेणेकरून तो लवकर उघडावा. त्या पुसल्या की विंडोजला त्या पुन्हा पहिल्यापासून गोळा कराव्या लागतात.

रजिस्ट्री क्लीनरचंही तसंच. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही. "१२४३ चुका सापडल्या" असा लाल आकडा दाखवणारे प्रोग्राम तिच्यातल्या जुन्या नोंदी मोजून दाखवतात. काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरच्या अशा नोंदी मागे राहतात हे खरं, पण त्या कोणी वाचतच नाही, त्यामुळे त्यांचा वेगावर परिणाम नगण्य. चुकून कामाची नोंद पुसली गेली तर मात्र प्रोग्राम बंद पडतो. अशी साधनं वापरू नका, असं मायक्रोसॉफ्टचंही म्हणणं आहे.

सफाईचं सॉफ्टवेअर नावाजलेलं असलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. २०१७ साली सीक्लीनरच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी आपला कोड घुसवला होता. तो कंपनीच्या अधिकृत डाउनलोडमधूनच लोकांपर्यंत गेला आणि सुमारे २२ लाख ७० हजार कॉम्प्युटरवर पोचला. नंतर ती आवृत्ती दुरुस्त झाली. मुद्दा असा, की विंडोजमध्ये मुळात असलेल्या सोयीसाठी आपण बाहेरच्या प्रोग्रामला घराच्या सगळ्या किल्ल्या कशासाठी द्यायच्या?

ती मुळातली सोय म्हणजे "सेटिंग्ज"मधलं "सिस्टिम" आणि त्यातलं "स्टोरेज". तिथे "टेम्पररी फाइल्स" उघडलं की काय काय पुसता येईल याची यादी येते. "प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन" दिसलं तर त्याखाली कित्येक जीबी अडकलेले असू शकतात. मोठ्या अपडेटनंतर मागे राहिलेलं ते जुनं विंडोज, साधारण दहा दिवसांनी आपोआपही जातं. याच यादीत "डाउनलोड्स" असंही एक नाव असतं आणि तिथे सावध राहायचं. बाकी सगळा कचरा आहे, पण डाउनलोड्समध्ये तुमची आधार कार्डाची पीडीएफ, मुलाची मार्कशीट, बँकेचं स्टेटमेंट असतं. सगळ्या चौकोनांत सरसकट टिक मारली की तेही जातं. "स्टोरेज सेन्स" चालू करून ठेवलं तर रीसायकल बिनमधल्या जुन्या फायली ठरावीक दिवसांनी काढण्याचं काम तेच करतं.

एवढं करूनही डिस्क लाल पट्टीत, म्हणजे भरत आलेली, असेल तर "विझट्री" वापरा. घरगुती वापराला फुकट आहे. डिस्कवरची सगळ्यात मोठी फोल्डरं ते काही सेकंदांत रंगीत चौकोनांत मांडून दाखवतं. बहुतेक घरांत सगळ्यात मोठा चौकोन निघतो तो एखाद्या लग्नाच्या व्हिडिओचा किंवा फोनमधून तीनतीनदा उतरवलेल्या त्याच फोटोंचा. "विंडोज" आणि "प्रोग्राम फाइल्स" या नावांच्या फोल्डरांना तिथून हात लावायचा नाही.

व्हायरसचं काय

विंडोज ८ पासून डिफेंडर विंडोजमध्येच येतं आणि घरच्या वापराला ते पुरेसं आहे. नवीन लॅपटॉपवर एखादा अँटीव्हायरस महिनाभराच्या चाचणीपुरता घातलेला असतो. तो असेपर्यंत डिफेंडर बाजूला होतं. त्याची मुदत संपल्यावर पैसे भरायचे नसतील तर तो काढून टाका, डिफेंडर परत कामाला लागतं. दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवले तर संरक्षण दुप्पट होत नाही, दोघं एकमेकांच्या फायली तपासत बसतात. खरोखर शंका असेल तर "विंडोज सिक्युरिटी"मध्ये "मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन" आहे. मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेला प्रोग्राम तिला अडवू शकत नाही. पंधराएक मिनिटं लागतात. दुसरं मत हवं असेल तर मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती आहे.

भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या संस्थेचं "सायबर स्वच्छता केंद्र" फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालं. त्याच्या संकेतस्थळावर बॉट (तुमचं मशीन दूरवरून दुसऱ्याच्या हुकमावर चालवणारा प्रोग्राम) काढण्याची साधनं फुकट मिळतात आणि ती देणाऱ्यांत आपल्या पुण्याची क्विक हीलही आहे. तिथलंच "यूएसबी प्रतिरोध" हे सी-डॅक या सरकारी संशोधन संस्थेचं साधन पेनड्राइव्हवर पहारा ठेवतं. आपल्याकडे त्याची गरज का आहे, ते झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह परत आणणाऱ्या कोणालाही माहीत आहे. घरी येऊन लावला की सगळी फोल्डरं शॉर्टकट झालेली असतात. अशा वेळी त्या शॉर्टकटवर क्लिक करायचं नाही, कारण तेच क्लिक व्हायरसला तुमच्या मशीनमध्ये घेतं. तुमच्या मूळ फायली बहुतेक वेळा त्याच पेनड्राइव्हवर लपवलेल्या असतात. फाइल एक्सप्लोररच्या "व्ह्यू"मधून लपलेल्या फायली दाखवायला सांगा, बऱ्याचदा त्या दिसतात. त्या घेण्याआधी पेनड्राइव्ह स्कॅन करा. आणि प्रिंट काढायला जाताना शक्यतो ज्यावर फक्त तेवढीच फाइल आहे असा वेगळा पेनड्राइव्ह न्या.

खाली उजव्या कोपऱ्यात सतत "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे" अशा चौकटी येत असतील तर तो बहुधा व्हायरस नसतोच. कुठल्यातरी संकेतस्थळाने "सूचना पाठवू का?" असं विचारलं आणि घाईत "अलाऊ" दाबलं गेलं, त्याचा हा परिणाम. क्रोमच्या सेटिंगमध्ये "प्रायव्हसी अँड सिक्युरिटी", त्यात "साइट सेटिंग्ज", त्यात "नोटिफिकेशन्स" उघडा. परवानगी मिळालेल्या साइटची यादी तिथे आहे. अनोळखी नावं काढून टाका, चौकटी थांबतील.

याहून वाईट प्रकार म्हणजे पूर्ण पडदा व्यापणारा इशारा. सायरन वाजतो, मायक्रोसॉफ्टचं चिन्ह असतं आणि खाली एक टोल-फ्री नंबर. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. हे एकटं राहणाऱ्या आईवडिलांना, काका-मावशींना आजच फोन करून सांगा, कारण हे फसवणारे लोक मुद्दाम अशांनाच गाठतात. ऑल्ट आणि एफ-४ दाबून खिडकी बंद करा, नाही झाली तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. सांगितलं म्हणून कोणाला मशीनचा ताबा देणारं अ‍ॅप टाकायचं नाही. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आणि क्रॅक. फुकटात ऑफिस किंवा विंडोज "अ‍ॅक्टिव्हेट" करणारं साधन टाकताना ते पहिली अट घालतं ती अँटीव्हायरस बंद करण्याची. पासवर्ड चोरणारे प्रोग्राम पसरवायला चोरांना याहून सोपी वाट मिळत नाही. पत्र, हिशोब, बायोडेटा यांना लिब्रेऑफिस पुरतं, त्यात मराठीही उत्तम चालतं. व्हिडिओला व्हीएलसी, झिप फायलींना ७-झिप. तिन्ही कायदेशीर आणि खरोखर फुकट. फक्त नाव शोधल्यावर सगळ्यात वर येणारी ओळ बऱ्याचदा जाहिरात असते आणि तिच्यामागे बनावट साइट असू शकते. त्यामुळे मूळ संकेतस्थळ किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअर इथूनच घ्या.

अपडेट आणि विंडोज १०

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या व्हायरसने जगभरातल्या दीडशे देशांत दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरमधल्या फायली कुलूपबंद केल्या आणि प्रत्येकाकडे खंडणी मागितली. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी दिलं होतं. "नंतर करू" म्हणून अपडेट ढकलण्याची किंमत यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

म्हणूनच विंडोज १० वापरणाऱ्यांनी आता निर्णय घ्यायला हवा. त्याची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. मशीन चालत राहील, पण नवी भोकं बुजवली जाणार नाहीत. मायक्रोसॉफ्टचं "पीसी हेल्थ चेक" हे साधन तुमचं मशीन विंडोज ११ घेऊ शकतं का ते सांगतं. साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. मशीन त्यात बसत नसेल तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी "विंडोज अपडेट"च्या पानावरून नाव नोंदवता येतं. मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंगचा बॅकअप चालू केला तर पैसे न भरताही.

तिसरा रस्ता लिनक्स मिंटचा. तो २ जीबी रॅमवर सुरू होतो, ४ असेल तर बरा चालतो. "रुफस" या फुकट प्रोग्रामने तो पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्हवरूनच मशीन सुरू करा. आतल्या विंडोजला धक्का न लावता सगळं वापरून बघता येतं: वायफाय लागतं का, आवाज येतो का, मराठी टाइप होतं का. फक्त इंटरनेट, व्हिडिओ आणि पत्रलेखन यासाठी असलेल्या जुन्या मशीनला तो नवं आयुष्य देतो. टॅली किंवा विंडोजवरच चालणारं एखादं सॉफ्टवेअर रोज लागत असेल तर मात्र या वाटेला जाऊ नका.

धूळ, दमट हवा, वीज

पंख्याचा आवाज वाढलाय आणि दहा मिनिटांनी मशीन मंदावतंय, तर ते तापतंय. "एचडब्ल्यूइन्फो" हा फुकट प्रोग्राम तापमान दाखवतो. साधं काम करतानाही प्रोसेसर ९० अंशांच्या वर राहत असेल तर आत धुळीचा थर बसला आहे. बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. डेस्कटॉपचं झाकण स्वतः उघडायला हरकत नाही. प्लग काढा, गच्चीत किंवा गॅलरीत न्या, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा आणि मग ब्लोअर मारा. न धरता मारला तर पंखा भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग जातं. लॅपटॉप गादीवर, उशीवर ठेवून वापरू नका. हवा आत घ्यायची जाळी बहुधा त्याच्या पोटाखाली असते.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, महिनाभर बंद राहिलेला डेस्कटॉप चालू केला की पडदा काळा आणि आतून बीप-बीप, असं होतं. बऱ्याचदा रॅमच्या सोनेरी दातांवर थर बसलेला असतो. वीज बंद करून रॅम काढायची, दात स्वच्छ खोडरबराने हलके घासायचे, भुगा झटकायचा आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक्‌कन बसेपर्यंत दाबून लावायची. दुरुस्तीवालेही हेच करतात.

आणखी एक फसवं दुखणं. सगळ्याच साइट "तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणतात आणि लोक इंटरनेट कंपनीशी भांडत बसतात. कोपऱ्यातलं घड्याळ बघा. तारीख बरीच वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किटवरचा) सीआर-२०३२ हा नाण्याएवढा सेल संपलाय. साइटच्या प्रमाणपत्रांना मुदत असते, चुकीच्या तारखेला ती अवैध ठरतात. घड्याळाच्या दुकानात हा सेल मिळतो.

लॅपटॉपचा टचपॅड वर आल्यासारखा वाटतोय, झाकण नीट मिटत नाही, तर खालची बॅटरी फुगली असू शकते. दाबून बसवू नका, चार्जिंगला लावू नका, थेट दुरुस्तीला न्या. यात आगीचा धोका आहे. डेस्कटॉपला छोटा यूपीएस असावा आणि विजा कडाडत असतील तेव्हा प्लगच काढून ठेवावा, राउटरचासुद्धा.

मशीन बदलता येतं, फोटो नाही

महत्त्वाच्या गोष्टींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर, हा जुना नियम अजून चालतो. एक प्रत कॉम्प्युटरवर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाउडवर किंवा बहिणीच्या घरी ठेवलेल्या डिस्कवर. गूगल खात्यासोबत १५ जीबी फुकट मिळतात. कागदपत्रांना ते पुष्कळ झाले, फोटोंना नाही. "फ्रीफाइलसिंक" हा प्रोग्राम दोन फोल्डरांची तुलना करून फक्त नवं तेवढं उतरवतो. उतरवल्यावर बाहेरची डिस्क काढून ठेवा, कारण वॉनाक्रायसारखा व्हायरस जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतो. आणि अधूनमधून त्या प्रतीतल्या दोन-चार फायली उघडून बघा.

विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप सांकेतिक स्वरूपात ठेवलेली असू शकते. मदरबोर्ड गेला किंवा मोठा बदल केला की मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर जगातला कोणताही दुरुस्तीवाला तुमचे फोटो काढून देऊ शकत नाही. ती सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते, आणि ते खातं दुकानदाराने लॅपटॉप देताना घाईत उघडलेलं असतं! त्या खात्यात आज लॉगिन करून बघा आणि ही रिकव्हरी की कागदावर उतरवून घरच्या कागदपत्रांत ठेवा.

शेवटी, ज्यांच्याकडे श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर आहे त्यांच्यासाठी. संस्थांची इतिवृत्तं, आजोबांच्या कविता, घराण्याची वंशावळ असं बरंच काही अजून या फायलींत अडकलेलं आहे. त्या फाइलमध्ये खरं तर मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी कळांचे संकेत असतात आणि फॉन्ट त्यांवर मराठी आकार चढवतो. विंडोज नव्याने टाकलं की फॉन्ट जातो आणि उरतात निरर्थक चिन्हं. फाइल जपली म्हणून मजकूर जपला असं इथे होत नाही. म्हणून ज्या मशीनवर ती आज नीट दिसते आहे, त्याच मशीनवर आधी तिची पीडीएफ करा. मग विंडोजच्या "फॉन्ट्स" फोल्डरमधून ते फॉन्ट कॉपी करून त्याच फोल्डरमध्ये शेजारी ठेवा. त्यानंतर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी दाखवणाऱ्या आजच्या संकेतात, रूपांतर करा. त्यासाठी फुकट कन्व्हर्टर मिळतात, पण खाजगी मजकूर ऑनलाइन चढवू नका. रूपांतरात ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं हमखास जागा सोडतात, तेव्हा पीडीएफ शेजारी उघडी ठेवून ओळ अन् ओळ ताडून बघा.